खोलना-जोडना

निनाद मे महिन्यात बारावीला आपटला, आणि जुलैत कंपार्टमेंटची फेरपरीक्षा दिली तिच्यातही आपटला. दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर यावर चार दिवस रडारड झाली असती, बापाने डोक्यात राख घालून घेतली असती, नातेवाइकांनी फोनवरून फुकटचे सल्ले दिले असते आणि दिवाळीपर्यंत सगळं निवळलं असतं. शारजात तशी सोय नाही. तिथे मुलगा अठराचा झाला आणि कुठे शिकत नसला, की त्याला बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. मुलगी लग्न होईपर्यंत राहते. मुलाने एक तर कॉलेजात नाव घालायचं, नाही तर कुणीतरी नोकरीचा व्हिसा देणारा शोधायचा, नाही तर गाशा गुंडाळायचा. साल होतं दोन हजार दोन, आणि निनादच्या पासपोर्टातला शिक्का ऑक्टोबरअखेर संपत होता.

गाशा गुंडाळून जायचं कुठे, तर खडकीला, काकाच्या दोन खोल्यांत. निनादचा जन्म शारजातला. शाळा तिथलीच, मित्र अल नहदातल्या त्याच्याच बिल्डिंगमधले, क्रिकेट खालच्या पार्किंगमध्ये. खडकीला तो दर उन्हाळ्यात महिनाभर जायचा आणि पोट बिघडवून यायचा. बिल्डिंगमधले लोक आता सहज विचारत, "मग निनाद इंडियाला परत जाणार का?" जिथून तो आलाच नव्हता तिथे परत कसा जाणार, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. निनाद "मे बी" म्हणून लिफ्टचं बटण दाबत राही.

त्याचा बाप गुणवंत शेलार फौजेत आर्मरर होता, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. पंधरा वर्षं फौजेत काढून तो शारजाला आला आणि वीस वर्षं एकाच अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, टिकला. अरबाबचं दुकान पुढून पाहिलं तर मासेमारीच्या गळांचं, दुर्बिणींचं आणि उंटाच्या खोगिरांचं. मागे मात्र पोलिसांच्या परवान्याचं एक वर्कशॉप होतं आणि तिथे गुणवंत बसे. त्याच्याकडे येत त्या बहुतेक कुणाच्या तरी आजोबांच्या रायफली. एक गोळी भरायची, खालचा लीव्हर ओढायचा, अशा शंभर वर्षांपूर्वीच्या. त्यांनी आता कुणी शिकार करत नाही. लग्नात पुरुष ओळीने उभे राहून नाचतात तेव्हा त्या खांद्यावर मिरवायच्या. त्यामुळे त्या घराण्यांच्या अब्रूइतक्या जपल्या जात, आणि गुणवंतही त्या तशाच जपे.

घरी मात्र त्याला कुणी भीक घालत नव्हतं. मुलगी सृष्टी आठवीत, हुशार, बापाशी इंग्रजीत बोलणारी. बायको विभावरी एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला होती, पण पोरांसकट सगळ्यांचे व्हिसे नवऱ्याच्या नावावर. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिने भांडी विसळता विसळता विषय काढला.

"अहो, तुमच्या अरबाबला एकदा विचारून तर बघा. तुम्ही चौपन्नचे झालात. तुमच्यानंतर त्याला कुणी लागेलच ना?"

"निनादला स्क्रू-ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नाही."

"वॉशिंग मशीन कुणी दुरुस्त केलं होतं? मिक्सर? तुम्ही कधी बघितलंत घरात?"

गुणवंतने खरंच बघितलं नव्हतं. त्याचं मत असं होतं की पोरगा धांदरट आहे, आणि एकदा बनलेलं मत तो बदलत नसे. पण विभावरीचा आवाज शेवटी फुटला, आणि बायकोचं रडणं त्याला बिलकूल सोसत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी तो अरबाबच्या केबिनमध्ये गेला.

अरबाब म्हातारा झाला होता. त्याची मुलं दुबईला बँकांमध्ये, त्यांना बंदुकांत रस नाही. त्याने गुणवंतला समोर बसवून कावा, म्हणजे अरबी कॉफी, दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"शेलार, अपना लडका मतलब मेरा लडका," तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "लेकिन ये काम रहम का नहीं है. तुम दो महीना सिखाओ. फिर एक बंदूक मेरे सामने जोडेगा. हाथ अच्छा, तो व्हिसा मैं देता. हाथ अच्छा नहीं, तो खलास. बोलो?"

"दसरे को रखते हैं, अरबाब. हमारा अच्छा दिन है."

"वो तुम्हारा औजार का ईद?" अरबाब हसला. गुणवंत दरवर्षी खंडेनवमीला आपल्या पाने-कानशींची पूजा करून वर्कशॉपात पेढे वाटे, आणि अरबाब दोन खाई. "ठीक है. ईद के दूसरे दिन. इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. गुणवंतला शिकवायची एकच पद्धत माहीत होती, फौजेतली. तिथे तिला खोलना-जोडना म्हणतात. जमिनीवर चादर पसरायची, हत्यार उघडायचं, ज्या क्रमाने भाग निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि मग उजवीकडून डावीकडे जोडत यायचं. तोंडाने भागाचं नाव घ्यायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. निनादने पहिल्या दिवशी गुडघे मोडून बसताना एवढी तोंडं केली की समोर काउंटर सांभाळणारा दापोलीचा रफिक आत येऊन हसून गेला.

"गुणवंतभाऊ, पोराला स्टूल तरी द्या. याला मांडी घालायची सवय नाय."

"स्टुलावर बसून कुणी आर्मरर होत नाही," गुणवंतने त्याला उडवून लावलं.

आठवडाभर त्याने पोराला एका मोडक्या रायफलीवर नुसतं उघड-बंद करायला लावलं. बोटं कापली, नखं काळी झाली, तेलाचा वास जेवताना हाताला येऊ लागला. गुणवंत मनातून वाट बघत होता, हा कधी एकदा कंटाळतो आणि "दिस इज सो बोअरिंग" म्हणून उठतो. निनाद उठला नाही. दहाबारा दिवसांनी गुणवंत पाठमोरा बसून कानस घासत असताना मागून आवाज आला, "पप्पा, दिस पिन इज नॉट हर्स."

"काय?"

"ही पिन ह्या गनची नाहीये. बाकीच्या पिन्सचा आवाज वेगळा येतो. लिसन."

त्याने दोन पिना एकामागून एक फरशीवर टाकल्या. गुणवंतला फरक ऐकू आला. त्याने पिन भिंगाखाली धरली, तर खरंच कुणीतरी कधीकाळी दुसऱ्या लोखंडाची बसवलेली होती. वीस वर्षं ती रायफल त्याच्या फळीवर होती आणि त्याला ते कळलं नव्हतं. त्याने पोराकडे पाहिलं. निनाद पिना गोळा करत होता. आपण काही विशेष बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या दिवसापासून गुणवंतला सकाळी उठायची घाई होऊ लागली. हे सांगताना हसू येतं, पण चौपन्न वर्षांच्या त्या तिरसट माणसाला पहिल्यांदाच कामावर जाताना सोबत होती. गाडीत तो एकटाच बोलत असे. स्प्रिंग लाल करून तेलात कधी बुडवायची, लाकडाचा दस्ता कसा फुगतो, नळीतून दोरीने चिंदी ओढताना ती अडली तर काय समजायचं. आणि रोज एकदा, न चुकता, त्याचा तो नियम. "हत्यार अडलं की हात थांबवायचा. जोर करायचा नाही. आत काहीतरी आहे म्हणून अडलंय, ते बघायचं. जोर करणारा आर्मरर नव्हे, हमाल." निनाद खिडकीतून बाहेर बघत "येस, पप्पा" म्हणे. घरी विभावरीला गुणवंत एवढंच म्हणाला, "जमेल बहुतेक." विभावरीने लगेच देवापुढे साखर ठेवली.

दसऱ्यासाठी अरबाबने फुजैराच्या एका घराण्याची रायफल निवडली. त्यांच्याकडे गुरुवारी लग्न होतं. नळीवर चांदीचा पट्टा होता आणि पट्ट्यावर 'बिस्मिल्ला' कोरलेलं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी निनादने ती पूर्ण उघडून, साफ करून, चादरीवर ओळीने मांडून ठेवली आणि गुणवंतने ती तशीच राहू दिली.

नवमीला तो निनादला न घेता लवकर दुकानात आला. कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कानशी, पाने, हातोडी, भिंग मांडलं. कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. वीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाच्या हत्याराला कधी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्याचा देव, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या सकाळी तो उठता उठता थांबला. चादरीवर निनादने मांडलेले भाग इतके सरळ रेषेत होते की त्याचा ऊर भरून आला. पोराचं पहिलं हत्यार. त्याची पूजा बापाने नाही करायची तर कुणी करायची? चांदीच्या पट्ट्यापासून हात लांब ठेवून त्याने दस्त्याच्या बुडाला एक कुंकवाचं बोट लावलं, चिमूटभर लाल अक्षता सगळ्या भागांवरून टाकल्या आणि डोळे मिटले. काय मागितलं ते सांगायला नको.

तेवढ्यात पुढचं शटर वर गेलं आणि रफिकचा खाकरा ऐकू आला, त्यापाठोपाठ अरबाबचा आवाज. अरबाब एवढ्या सकाळी कधी येत नसे. गुणवंतची तारांबळ उडाली. त्याने फडक्याने कुंकू पुसलं, अक्षता झटकल्या, खाली सांडलेल्या वेचून खिशात टाकल्या आणि घाईघाईने चापाचा भाग जोडून बंद केला, कारण उघडा राहिला तर त्यात धूळ जाते. चाप ओढून पाहिला. टक्कन वाजला. सगळं ठीक होतं.

दसऱ्याच्या दिवशी विभावरीने निनादला ओवाळलं. तो "आई, आय ॲम गेटिंग लेट" म्हणत होता, पण मान खाली करून उभा राहिला. वर्कशॉपात चादर पसरलेली होती. अरबाब खुर्चीत बसला होता, रफिक दाराशी टेकून उभा होता आणि गुणवंत, काय करावं न सुचून, हातात भिंग घेऊन फिरत होता.

निनादने सुरुवात केली. नळी, दस्ता, दस्त्याचा बोल्ट. भागांची नावं तो हळू आवाजात घेत होता. हात न अडखळता चालत होते. अरबाब पुढे वाकला. चापाचा बंद केलेला भाग निनादने उचलला, उलटा करून जागेवर बसवला, त्यावर ठोकळा, मग लीव्हर, मग लांब पिन. आता फक्त लीव्हर वर ओढून मिटवायचा आणि रिकाम्या नळीवर चाप ओढून दाखवायचा. गुणवंतने भिंग खिशात टाकलं.

लीव्हर अर्ध्यात अडला.

निनादने हात थांबवला. लीव्हर खाली केला, रायफल उजेडाकडे वळवली आणि वरच्या फटीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पप्पा," तो म्हणाला, "देअर इज समथिंग इनसाइड."

गुणवंत चटकन पुढे आला. अरबाब बघत होता. चापाचा भाग गुणवंतने स्वतः बंद केला होता, स्वतः वाजवून पाहिला होता. पोरगा घाबरून सबबी सांगतोय, दुसरं काय. ज्या गोष्टीची त्याला दोन महिने धास्ती होती, ती आता सगळ्यांच्या देखत होत होती.

"आत काही नाही," तो म्हणाला. "मी बंद केलंय ते. पिन नीट बसव."

"पप्पा, बट..."

"बट बिट काही नाही! तुझं चुकलंय, आत काही नाहीये. हाताला वळण नसलं की हत्याराला नावं ठेवायची. लाव!"

तो ओरडला तेव्हा रफिक दारात सरळ उभा राहिला. निनादने वर पाहिलं. बापाकडे पाहिलं, मग अरबाबकडे, मग पुन्हा बापाकडे. गुणवंतला ती नजर उर्मट वाटली. मग निनादने रायफल मांडीत घट्ट धरली, दात आवळले आणि लीव्हर सगळा जोर लावून वर खेचला. आत काडकन काहीतरी तुटलं.

लीव्हर खाली लोंबत राहिला. स्प्रिंग गेली होती.

निनाद उठला, हात पुसले आणि म्हणाला, "सॉरी, अरबाब. माय मिस्टेक. मैंने जोर किया."

"खलास, बेटा, खलास," अरबाब त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. तो 'राहू दे' या अर्थानेच म्हणत होता. मग तो गुणवंतकडे वळला. "शेलार, लडका अच्छा है. लेकिन हाथ में जोर है. बंदूक में जोर नहीं चलता, तुम ही हमेशा बोलता है. मैं क्या करूँ?"

गुणवंत खाली वाकून चादर आवरू लागला. त्याचाच नियम होता.

संध्याकाळी दोघं घरी परतले. विभावरीने दार उघडलं आणि दोघांची तोंडं बघून ओवाळणीचं तबक उचलून आत नेऊन ठेवलं.

गुरुवारी लग्न असल्याने स्प्रिंग बुधवारीच घडवायला हवी होती. तशी स्प्रिंग आता कुठे विकत मिळत नाही. गुणवंत एकटा बसला, रायफल मांडीवर घेतली आणि चापाचा भाग खोलला. तुटलेल्या स्प्रिंगच्या दोन तुकड्यांमागे, ज्या खाचेत लीव्हरचं टोक बसतं तिथे, त्याला काहीतरी लाल दिसलं. त्याने चिमट्याने ते काढलं. तांदळाचा दाणा होता. अर्धा चिरडलेला, अर्धा शाबूत, कुंकवासकट.

भाग आडवा होता तोवर दाणा तळाशी तेलात पडून राहिला असणार. निनादने भाग उलटा केला तेव्हा घरंगळून खाचेत गेला. गुणवंतला हे समजायला क्षणही लागला नाही, तो जातीचा आर्मरर होता. दाणा तळहातावर घेऊन तो बसून राहिला. आपल्याच हाताने, देवाचं नाव घेऊन, आपण पोराच्या नशिबात हा दाणा टाकला, आणि वर त्याच्यावरच ओरडलो. मोरीत जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं आणि दाणाही तिथेच टाकून नळ सोडला.

मग तो अरबाबकडे निघाला. खरंच निघाला. पोराचं चुकलं नव्हतं, आत खरंच काहीतरी होतं, एवढंच सांगायचं. केबिनच्या दारापर्यंत त्याच्या मनात दुसरा विचार नव्हता.

अरबाब फोनवर होता. फोन ठेवून त्याने गुणवंतला बसवलं.

"फुजैरा वाला था. बहुत गुस्सा. बोला, दादा का बंदूक किसने तोडा, उसको निकालो. मैं बोला, एक लडका था, निकाल दिया." अरबाबने हात झटकले. "अल्हम्दुलिल्ला, लडके का नौकरी तो था ही नहीं. सोचो शेलार, अगर तुम तोडता तो मैं क्या करता? तुमको निकालना पडता. बीस साल के बाद."

गुणवंत खुर्चीत मागे सरकला.

"और तुम इस साल मिठाई नहीं खिलाया," अरबाब त्याची समजूत काढत म्हणाला. "औजार का ईद हुआ ना? मेरा दो पेढा बाकी है."

आता बोलायचं होतं. म्हातारा हसत होता, कदाचित हसण्यावारीच नेलं असतं. कदाचित नसतंही. पट्ट्यावर काय कोरलेलं होतं ते दोघांनाही माहीत होतं, आणि त्या रायफलीवर कुंकू-अक्षता पडल्या हे फुजैराला कळलं तर काय होईल ते गुणवंतला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे सृष्टीची शाळा आली, विभावरीचा व्हिसा आला, अल नहदातलं घर आलं. सगळं त्याच्या एका शिक्क्यावर उभं. एक जातोय, तिघं राहतायत, असा हिशोब त्याच्या मनाने त्याला न विचारताच करून टाकला.

"कल लाता हूँ पेढे," तो म्हणाला आणि बाहेर आला. त्याने स्वतःला भित्रा म्हटलं, मोठ्याने, रफिकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. रफिकला वाटलं तो पोराबद्दल बोलतोय.

बुधवारी स्प्रिंग झाली. गुरुवारी रायफल लग्नात नाचली असेल.

पुढचे पंधरा दिवस घरात निनादच्या जाण्याची तयारी चालली होती. विभावरी बॅगा भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती. एकदा तिने विचारलं, "अहो, तुम्ही म्हणाला होतात जमेल. मग असं एकाएकी काय झालं त्याला?" गुणवंत म्हणाला, "हात नाही त्याचा. काही काही मुलांना नसतो." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे म्हटल्यावर थोडं बरं वाटतं. मग तो ते मनाशी पुन्हा पुन्हा म्हणू लागला. दाणा नसता तरी आज ना उद्या पोराने जोर केलाच असता. एवढं सांगूनही केलाच ना? नियम मोडला तो मोडलाच. रात्री याच आधारावर त्याला झोप लागे. निनाद मात्र नेहमीसारखा होता. मित्रांना सीडी वाटत होता, सृष्टीला कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगत होता. बापाशीही सरळ बोलत होता. त्या सरळपणाचाही गुणवंतला राग येई, कारण पोराने एकदा तरी भांडायला हवं होतं.

विमान दुपारचं होतं. शारजा विमानतळावर गर्दी होती, दुबईतल्या मुहैस्नाहच्या कॅम्पांतून सुट्टीवर निघालेल्या मजुरांची, दोरीने बांधलेल्या खोक्यांची. त्यांच्यात निनाद पाठीवर शाळेचीच बॅग घेऊन उभा होता. विभावरीने त्याच्या शर्टाची कॉलर तीनदा नीट केली. सृष्टी त्याला बिलगली आणि तिच्या रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून तिने तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं. पुढे फक्त प्रवाशांना सोडत होते. गुणवंत ट्रॉली ढकलत त्याच्याबरोबर दोरीपर्यंत गेला.

"काकाचं ऐक," तो म्हणाला. "बारावी काढ. पुढचं बघू."

"येस, पप्पा." निनाद वाकला, त्याच्या पायांना हात लावला आणि उभं राहताना हळूच म्हणाला, "पप्पा, नेक्स्ट इयर फक्त टूल्सची पूजा करा, ओके? गनची नको."

गुणवंतला आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"तू... बघितलं होतंस?"

"रेड होता. वन ग्रेन." निनादने मागे वळून आईकडे पाहिलं, ती ऐकत नव्हती. "मी तुम्हाला सांगत होतो, बट यू वर शाउटिंग. आणि गन उलटी केली असती तर तो चादरीवर पडला असता. अरबाब समोरच बसले होते. ही वुड हॅव सीन. मला वाटलं जोर केला की क्रश होईल. पण स्प्रिंग खूप ओल्ड होती."

"निनाद, अरे..."

"इट्स ओके, पप्पा. खलास."

मागच्या माणसाने खोकं पुढे सरकवलं. शिपायाने हात केला, "यल्ला, यल्ला." निनादने ट्रॉली हातात घेतली आणि तो गेला. पाठ वळवून, जरा वाकून, बापासारखाच चालत तो काचेच्या दारापलीकडे गेला आणि मजुरांच्या रांगेत मिसळला. त्याच्या हातात काय कसब होतं हे जगात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस पंधरा दिवस स्वतःला सांगत होता की ते नाही म्हणून. आता तेही सांगता येणार नव्हतं.

विभावरी आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "जाताना काय म्हणाला हो?" तिने विचारलं.

गुणवंतने तिच्याकडे पाहिलं. सांगायला ही शेवटची जागा होती, यानंतर कधी तोंड उघडणार नाही हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "तब्येतीला जपा म्हणाला."